‘खालचं कोर्ट’ म्हणू नये

“खालच्या कोर्टात हरलो, मग वर गेलो.” ठाण्यात कोर्ट नाक्यावर चहाच्या टपरीपाशी दहा मिनिटे उभे राहिले तरी हे वाक्य कानावर पडते. बोलणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. खाली म्हणजे ठाणे, कल्याण, भिवंडी. वर म्हणजे फोर्टमधले हायकोर्ट. आणि त्याच्याही वर दिल्ली. न्यायालयांची उतरंड आपण सगळ्यांनी जिन्यासारखी डोक्यात बसवून घेतली आहे.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने आपल्याच कचेरीला बजावले, की ज्या न्यायालयात खटला चालतो त्याला ‘लोअर कोर्ट’ म्हणणे थांबवा. तिथून मागवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर ‘ट्रायल कोर्टाचे रेकॉर्ड’ असे लिहा. हुकूम चार ओळींचा, तोही उत्तर प्रदेशातल्या एका फौजदारी अपिलात निघालेला. वर्तमानपत्रांत त्याला फार तर आतल्या पानावर जागा मिळाली असेल. मला मात्र त्या खंडपीठाचे ज्येष्ठ न्यायाधीश कोण होते हे वाचून गंमत वाटली. अभय श्रीनिवास ओक. त्यांची वकिली सुरू झाली ती याच कोर्ट नाक्यावर, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात.

खाली-वर ही भाषा सगळीकडे अशीच आहे असे नाही. स्कॉटलंडचे ज्येष्ठ दिवाणी न्यायालय, १५३२ साली स्थापन झालेले ‘कोर्ट ऑफ सेशन’, एडिंबरामध्ये बसते. त्याचे दोन भाग आहेत. दावा पहिल्यांदा जिथे चालतो ते ‘बाहेरचे घर’, आणि अपील जिथे चालते ते ‘आतले घर’. नावे पडली ती निव्वळ दालनांच्या जागेवरून: दारापासून कोणते दालन जवळ, कोणते आत. आपल्याकडचे ओटी आणि माजघर आठवावे. तिथल्या जिल्हा पातळीवरच्या न्यायाधीशाला ‘शेरीफ’ म्हणतात आणि ते पद चांगले भारदस्त आहे. मुंबईच्या शेरीफसारखे नुसते मानाचे नाही.

पुन्हा ओक यांच्याकडे येऊ. त्यांचा जन्म २५ मे १९६०चा. मुंबई विद्यापीठातून आधी बी.एस्सी., मग कायद्याचे शिक्षण एलएल.एम.पर्यंत. २८ जून १९८३ रोजी वकील म्हणून नोंदणी झाली आणि ते वडिलांच्या, श्रीनिवास ओक यांच्या चेंबरमध्ये बसू लागले. पुढे १९८५-८६च्या सुमारास ते व्ही. पी. टिपणीस यांच्या चेंबरमध्ये गेले. टिपणीस पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि नंतर लोकायुक्तही झाले.

जिल्हा न्यायालयातला वकील म्हणजे काय, हे मोठ्या शहरातल्या ‘सीनियर कौन्सेल’ मंडळींना ऐकून ठाऊक असते, भोगून नसते. सकाळी अशील सातबाराचा उतारा घेऊन येतो, त्यावर आजोबांचे नाव, वारसनोंद झालेलीच नाही. दुसरा भाडेकरूला काढायला आलेला. तिसऱ्याची जमीन एमआयडीसीने घेतलेली, मोबदला वाढवून हवा. चौथ्याच्या शेजाऱ्याने रातोरात भिंत घातलेली, उद्याच्या उद्या मनाई हुकूम पाहिजे. साक्ष मराठीत, हुकूम बऱ्याचदा मराठीत, आणि साक्षीदार कधी खरे बोलतो, कधी विसरतो, हे त्याच्या चेहऱ्यावर वाचायचे. वरच्या न्यायालयांत हा माणूस दिसतच नाही. दिसतो तो त्याच्या जबाबाचा टंकलिखित, इंग्रजीत भाषांतर केलेला कागद. ठाणे जिल्ह्यात तर गावठाण, आदिवासी पाडा, कारखाना आणि वीस मजली टॉवर एकाच पंचनाम्यात येतात. पालघर वेगळा होईपर्यंत, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पर्यंत, जव्हार-मोखाड्यापासून मीरा-भाईंदरपर्यंत सगळा एकच जिल्हा होता.

वकिलाचा न्यायाधीश कसा होतो, हेही थोडक्यात सांगायला हवे, कारण अनेकांचा समज असा की परीक्षा देत देत माणूस पायरीपायरीने वर चढतो. तशी वाट आहे, पण उच्च न्यायालयात बरेच न्यायाधीश थेट वकिलीतून येतात. राज्यघटनेच्या २१७व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयातली दहा वर्षांची वकिली किंवा तितकीच न्यायिक सेवा लागते. नाव सुचवते ते ज्येष्ठ न्यायाधीशांचे कॉलेजियम, नेमणूक होते राष्ट्रपतींच्या सहीने. आधी बहुधा अतिरिक्त न्यायाधीश म्हणून, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, आणि मग कायम. ओक २९ ऑगस्ट २००३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश झाले, १२ नोव्हेंबर २००५ रोजी कायम. अतिरिक्त न्यायाधीश झाले तेव्हा वय त्रेचाळीस. वीस वर्षांची वकिली सोडून जाताना माणूस उत्पन्नही सोडतो, आणि मित्रांशी मोकळेपणाने गप्पा मारणेही.

पुढची सोळा वर्षे त्यांच्यासमोर जे आले त्यातला बराचसा भाग आपल्या रोजच्या वाटेवरचा होता. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी जनहित याचिका केली होती. सणासुदीला रस्त्यावर मंडप उभे राहतात, पदपथ बंद होतात, रुग्णालयाशेजारी दणदणाट करत ध्वनिक्षेपक वाजतात, आणि पोलीस-महापालिका एकमेकांकडे बोट दाखवतात, अशी तक्रार. ठाणे हे उत्सवांचे शहर. टेंभी नाक्याची देवी, दहीहंड्या, गल्लोगल्लीचे गणपती, हे इथल्या राजकारणाचे भांडवलच आहे. अशा शहरातल्या माणसाने ही याचिका करणे आणि त्याच शहरातून आलेल्या न्यायाधीशासमोर ती चालणे, यात मला एक वेगळीच रंगत दिसते.

कायदा नवा नव्हता. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. डेसिबलचे माप साध्या बेरजेने चालत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५च्या जागी ८५ डेसिबल झाले तर ‘तीसच तर वाढले’ असे नसते, ऊर्जा हजारपट झालेली असते. मंडळाचा कार्यकर्ता हे समजून घेत नाही, आणि खरे सांगायचे तर बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या हातात तेव्हा मोजायचे यंत्रही क्वचितच असायचे.

ऑगस्ट २०१६ मध्ये ओक यांच्या खंडपीठाने या प्रकरणांत सविस्तर निकाल दिला. ध्वनिक्षेपक वापरणे हा कुठल्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही; मंदिर, मशीद, सगळ्यांना एकच नियम; आणि वाहतूक अडवून रस्त्यावर मंडप घालायचा हक्क कोणालाच नाही. निकालाचा जोर तत्त्वापेक्षा यंत्रणेवर होता. पोलिसांना आवाज मोजण्याची यंत्रे पुरवा, महापालिकांनी तक्रार घेण्याची सोय करा, तक्रार करणाऱ्याचे नाव फुटणार नाही हे पाहा. जिल्हा न्यायालयातून आलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: हुकूम हातात पडणे वेगळे आणि हुकूम बजावला जाणे वेगळे.

मग आला २०१७चा ऑगस्ट. केंद्राने नियमांत दुरुस्ती केली, आणि राज्य सरकार म्हणू लागले की आम्ही नव्याने जाहीर करेपर्यंत महाराष्ट्रात शांतता क्षेत्रच उरलेले नाही. ओक यांच्या खंडपीठाला ते पटेना. गणपती तोंडावर आले होते. तेव्हा सरकारने मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांच्याकडे अर्ज केला, की हे न्यायाधीश आमच्याबद्दल पूर्वग्रह बाळगून आहेत, प्रकरण दुसरीकडे द्या. मुख्य न्यायमूर्तींनी ते दिलेही. त्यावर वकिलांमध्ये जो संताप उसळला तो मुंबईच्या न्यायालयीन वर्तुळात वर्षानुवर्षांत दिसला नव्हता. काही दिवसांत मुख्य न्यायमूर्तींनी आपला आदेश मागे घेतला, तीन न्यायाधीशांचे पूर्णपीठ नेमले, आणि त्याचे प्रमुख पुन्हा ओकच. सरकारने बिनशर्त माफी मागितली. पूर्णपीठाने दुरुस्तीला स्थगिती दिली. ती स्थगिती मग सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली. शेवटी कोण जिंकले, याचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या गल्लीतल्या विसर्जन मिरवणुकीत शोधावे.

कल्याण-डोंबिवलीकरांना ओक हे नाव आणखी एका कारणाने ऐकून ठाऊक असेल. आधारवाडीचे डम्पिंग ग्राउंड. खाडीकाठचा तो कचऱ्याचा डोंगर, उन्हाळ्यात त्याला लागणाऱ्या आगी आणि पश्चिमेला पसरणारा धूर, हे कल्याणच्या दोन पिढ्यांनी अनुभवले. घनकचऱ्याचेही नियम २००० सालचेच: कचरा वेगळा करा, त्यावर प्रक्रिया करा, नुसता ओतून ठेवू नका. महापालिकेने पंधरा वर्षे ते केले नाही. एप्रिल २०१५ मध्ये ओक यांच्या खंडपीठाने सांगितले, की कचऱ्याची सोय होईपर्यंत नव्या बांधकामांना परवानग्या देऊ नका. बिल्डर हादरले, महापालिका हादरली. मुंबईत देवनारच्या डम्पिंगला आगी लागल्यावर फेब्रुवारी २०१६च्या शेवटी त्यांनी मुंबईबाबतही तशीच बंदी घातली.

या हुकमांवर टीका झाली आणि ती सगळीच बिल्डरांची नव्हती. घर घेऊ पाहणाऱ्याने काय पाप केले, महापालिकेच्या चुकीची शिक्षा त्याला का, हा प्रश्न रास्त आहे. पण दुसरी बाजूही पाहावी. दंड केला तर तो करदात्याच्याच पैशातून जातो, अधिकाऱ्याला समन्स काढले तर तो बदलून जातो. परवानगीचा नळ बंद केला की मात्र महापालिकेच्या तिजोरीला आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना एकदम तहान लागते. मला तरी वाटते, हा शहाणपणा कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थेचे कुठे दुखते हे जवळून पाहिलेल्या माणसाला तो सुचतो.

अनधिकृत बांधकामांचेही असेच. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली, हे ठाणेकर विसरलेले नाहीत. दिघ्याच्या, म्हणजे कळवा-विटावा ओलांडून ऐरोलीकडे जाताना लागणाऱ्या पट्ट्यातल्या, एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर उठलेल्या बेकायदा इमारतींचे प्रकरण ओक यांच्याच खंडपीठासमोर होते. पाडकामाचे हुकूम झाले, रहिवासी रस्त्यावर आले. सरकारने २०१५ अखेरपर्यंतची बांधकामे नियमित करायचे धोरण आणले, ते न्यायालयाने नामंजूर केले. तिथल्या माणसांनी आयुष्याची पुंजी घातली होती, आणि ज्यांनी इमारती बांधल्या ते कधीच पसार झाले होते. त्या हुकमाची ही बोच कुणी नाकारू नये.

६ मे २०१६चा गोमांसाचा निकालही त्यांच्याच खंडपीठाचा, सोबत न्या. एस. सी. गुप्ते. बैल-वळूंच्या कत्तलीवरची राज्याची बंदी त्यांनी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणूस आपल्या स्वयंपाकघरात काय खातो हे पाहायला सरकारने आत शिरू नये, हा खासगीपणाचा हक्क आहे, असा तो युक्तिवाद. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितले ते त्यानंतर सव्वा वर्षाने, २४ ऑगस्ट २०१७ रोजी.

१० मे २०१९ रोजी ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या निदर्शनांच्या वेळी बंगळुरूत लावलेले १४४ कलम बेकायदा होते, असा निकाल त्यांच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ५ मे २०२१ रोजी, कर्नाटकाचा ऑक्सिजनचा वाटा रोज ९६५ टनांवरून १,२०० टन करायला केंद्राला सांगितले. केंद्र धावत सर्वोच्च न्यायालयात गेले; तिथे दोन दिवसांत नकार मिळाला.

सर्वोच्च न्यायालयात त्यांचा शपथविधी ३१ ऑगस्ट २०२१ रोजी झाला. त्या दिवशी एकदम नऊ न्यायाधीशांनी शपथ घेतली, त्यांत तीन महिला. इतके एका दिवशी पूर्वी कधी झाले नव्हते.

तिथले त्यांचे निकाल मोजत बसण्यात अर्थ नाही, पण दोन-तीन धागे सांगतो. एक, पोलिसाचा हात कुठे थांबावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले पोलीस ठाण्यात एका प्राध्यापकावर गुन्हा दाखल झाला होता. त्याने व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर ३७० कलम हटवल्याचा निषेध केला होता आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. ७ मार्च २०२४ रोजी तो गुन्हा रद्द झाला. सरकारच्या निर्णयावर टीका करणे आणि दुसऱ्या देशाला शुभेच्छा देणे हा गुन्हा कसा, हा साधा प्रश्न, आणि असे मजकूर कमकुवत मनाच्या, पदोपदी धोका दिसणाऱ्या माणसाच्या मापाने मोजायचे नसतात, हे उत्तर. मार्च २०२५ मध्ये एका खासदाराने समाजमाध्यमावर टाकलेल्या कवितेवरून गुजरातेत नोंदलेला गुन्हाही त्यांच्याच खंडपीठाने रद्द केला.

दुसरा धागा ईडीचा. आर्थिक गैरव्यवहाराच्या कायद्यात जामीन जवळजवळ अशक्य करून ठेवला आहे. तमिळनाडूचे माजी मंत्री सेंथिल बालाजी यांना सप्टेंबर २०२४ मध्ये जामीन देताना खंडपीठाने म्हटले, की जामिनाची अट कडक आणि खटला मात्र रेंगाळणारा, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. जामीन मिळताच बालाजी पुन्हा मंत्री झाले. तेव्हा त्याच खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये विचारले, मंत्रिपद हवे की मोकळीक? त्यांनी राजीनामा दिला. जामीन देणाऱ्या न्यायाधीशांना ‘सरकारविरोधी’ ठरवणारे आणि डोक्यावर घेणारे, दोघांचीही त्या दिवशी पंचाईत झाली असेल.

तिसरा धागा मला सगळ्यांत जवळचा. आधीच्या एका निकालामुळे नियम झाला होता, की दिवाणी-फौजदारी खटल्यांतली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठेल. ऐकायला छान. पण ज्याच्या बाजूने स्थगिती आहे त्याची काही चूक नसताना, निव्वळ न्यायालयाला वेळ नाही म्हणून त्याचे संरक्षण जायचे. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा नियम मोडीत काढला. मुख्य निकाल ओक यांनी लिहिला. त्यातच त्यांनी हेही सांगितले, की अपवाद वगळता वरिष्ठ न्यायालयांनी इतर न्यायालयांना अमुक दिवसांत खटला संपवा असे फर्मावू नये; कोणत्या न्यायालयात किती आणि कसली कामे तुंबली आहेत, हे तिथल्या न्यायाधीशालाच नीट ठाऊक असते. हा निकाल आला तो ‘लोअर कोर्ट’ म्हणू नका या हुकमानंतर तीन आठवड्यांनी. त्यानंतर चारच दिवसांत, पिंपरी-चिंचवडच्या न्यायालय इमारतीच्या भूमिपूजनाला आले असताना, न्यायालयाच्या कार्यक्रमांत पूजाअर्चा कशाला, राज्यघटनेच्या उद्देशिकेपुढे मान झुकवून सुरुवात करा, असे ते म्हणाले. भूमिपूजनाच्याच व्यासपीठावरून हे बोलायला एक प्रकारचा कोरडा विनोद अंगी लागतो.

सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो. ओक यांची तारीख आली २४ मे २०२५, शनिवार. म्हणजे कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार. निवृत्त होणाऱ्या न्यायाधीशाने शेवटच्या दिवशी निकाल द्यायचे नाहीत, सरन्यायाधीशांसोबत नुसते औपचारिक बसायचे, असा तिथला रिवाज. तो त्यांना मान्य नव्हता. त्याच आठवड्यात त्यांच्या आईचे निधन झाले. ते ठाण्याला आले, अंत्यसंस्कार केले, दिल्लीला परतले आणि शुक्रवारी अकरा निकाल दिले. त्यांतला एक तमिळनाडूतल्या सरकारी शिक्षिकेच्या बाळंतपणाच्या रजेचा होता. निरोपाच्या भाषणात ते बोलले ते सर्वोच्च न्यायालयाच्या कारभाराबद्दल: हे न्यायालय सरन्यायाधीशकेंद्रित आहे, उच्च न्यायालये याहून जास्त लोकशाहीने चालतात, आणि हे बदलायला हवे. समोर सरन्यायाधीश भूषण गवई होते, अमरावतीचे, मुंबई उच्च न्यायालयापासूनचे सहकारी.

निवृत्तीच्या आठवडाभर आधी, १६ मे रोजी, त्यांनी न्या. उज्जल भुयान यांच्यासह मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला होता: आधी प्रकल्प बांधायचा आणि मग पर्यावरणाची मंजुरी मागायची, ही वाट बंद. म्हणजे दिघ्याचाच प्रश्न, फक्त देशाच्या आकाराचा. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला. उभे राहिलेले प्रकल्प पाडावे लागले तर हजारो कोटी पाण्यात जातील, हे बहुमताचे एक कारण. बहुमतात सरन्यायाधीश गवई होते. पीठातले तिसरे न्यायाधीश भुयान. त्यांनी विरोधी मत लिहिले आणि ओक यांच्यासोबत केलेल्या सहीवर ते ठाम राहिले. प्रकरण पुन्हा नव्याने सुनावणीला गेले.